अकराशे ऐंशी मीटर

खरं सांगून त्याला मिळण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे झोप. गमावण्यासारखं मात्र बरंच होतं. बायकोने कपाटाच्या दाराला आतून लावलेलं पदक, समोरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं नाव, आणि निवृत्तीला महिना उरलेला असताना ऑफिसात अचानक मिळू लागलेला मान, ज्यामुळे शिपाईसुद्धा आता फाईल टेबलावर ठेवताना 'बसा साहेब, पाय दुखत असतील' म्हणत होता. वजनमापे खात्यात तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन पारड्यांकडे बघून लगेच कळतं, कुठलं खाली जाणार. इथे तर काट्याकडे बघायचीही गरज नव्हती. गप्प बसावं, चहा प्यावा, घरी जावं. तरीही सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या त्या लांबट खोलीत, घडीच्या खुर्चीवर बसून, तो आपल्या पाळीची वाट बघत होता आणि पहिलं वाक्य मनात लावून बघत होता. माणसाला स्वतःच्या नजरेत भरण्यासाठी किती तोटा परवडतो, हे मोजायचं माप त्याच्या खात्याकडे नव्हतं.

मॅरेथॉन होऊन बरोबर आठवडा झाला होता. क्लबाचे एकोणीस जण धावले होते, सतरा जण वेळेत पोचले होते, आणि त्या सतरांची नावं मास्तरांनी आपल्या गोल, शाळकरी अक्षरात फळ्यावर लिहिली होती. मास्तर म्हणजे कवायतीचे निवृत्त शिक्षक. गळ्यात अजून शिट्टी, वाजवायची मात्र नाही. दरवर्षी मॅरेथॉननंतरच्या रविवारी सगळ्यांनी इथे जमायचं आणि अनुभव सांगायचे, अशी पद्धत त्यांनीच पाडली होती. पण अनुभव सांगायचा म्हणजे वेळ सांगायची नाही. "वेळ यंत्राने सांगितलेली आहे," मास्तर उभे राहून म्हणाले, "आणि यंत्र तुमच्यापेक्षा कमी बोलतं. चूक सांगा. रस्त्यावर केलेली एक चूक. ऐकून झालं की बाकीच्यांनी एकदा टाच आपटायची. चूक जमा." त्याची ही पहिलीच खेप, त्यामुळे हा नियम त्याला जिना चढेपर्यंत माहीत नव्हता. आठवडाभर ज्या गोष्टीवर त्याने झाकण घट्ट बसवून ठेवलं होतं, तीच गोष्ट इथे कपबशीसारखी हातोहात मागितली जात होती.

दंतवैद्य उठला. "नवे मोजे," तो म्हणाला. "दुकानदार म्हणाला, पायात आहेत हे कळणारसुद्धा नाही. अठराव्या किलोमीटरपासून मला दुसरं काही कळतच नव्हतं." सगळ्यांच्या टाचा आपटल्या, आणि त्यातल्या निम्म्या जणांच्या तोंडून आई गं निघालं, कारण पोटऱ्या अजून आखडलेल्या होत्या. मग ग्रंथालयातली मुलगी म्हणाली, की पहिल्या दहा किलोमीटरमध्ये तिने सगळ्यांना मागे टाकलं, आणि उरलेल्या बत्तिसात त्या सगळ्यांनी एकेक करून येऊन तिची विचारपूस केली. टाच. बेकरीवाल्याने केळ्यांचा कबुलीजबाब दिला. प्रत्येक टेबलावर दोन. "देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही मला, दुकानदार माणूस." "मग?" मास्तरांनी विचारलं. "मग त्या पेट्रोल पंपवाल्याचे उपकार आहेत, एवढंच सांगतो." खोली हसली. सगळ्यांत मागे, बिस्किटांच्या ताटाजवळची खुर्ची धरून बसलेला त्याचा थोरला भाऊ सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. दादा कधीही बसपर्यंतसुद्धा धावलेला नव्हता. धावणाऱ्यांच्या चुका ऐकायला तो मुद्दाम आला होता, आणि त्याच्या मते सगळ्यांची मूळ चूक एकच होती, जी तो सौजन्य म्हणून सांगत नव्हता.

दादाच्या बाजूला नाही, तर पहिल्याच रांगेत, खिडकीखाली, वहिनी बसल्या होत्या. एकसष्ट वर्षांच्या. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं सुया टोचत आलेल्या. त्या गल्लीतल्या लोकांचे चेहरे विसरत, पण दंड विसरत नसत. कोणाची शीर डाव्या हाताला चांगली, कोण सुई बघितली की डोळे फिरवतो, हे त्यांना तोंडपाठ. सुई आत जाण्याच्या अर्धा क्षण आधी त्या 'झालं, झालंच' म्हणत, आणि आजवर एकाही माणसाने त्यांना खोटारडं म्हटलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दुसऱ्यांचे रिपोर्ट पाकिटात भरता भरता त्यांच्या हाताला स्वतःचाच रिपोर्ट लागला. साखरेचा आकडा त्यांनी दोनदा वाचला, पाकिटात घातला, पाकिटावर स्वतःचं नाव लिहिलं, आणि संध्याकाळी त्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "भावजी, उद्यापासून पळायचंय. एकटी बाई पळताना दिसली की लोक बघतात. दोघं असली की लोकांना वाटतं, काहीतरी कारण असेल." तो तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता आणि त्याचंही पोट पट्ट्याच्या वरून बाहेर डोकावत होतं. नाही म्हणायचं त्याच्या मनातही आलं नाही. वहिनींना नाही म्हणायची सवयच त्याला लागलेली नव्हती.

वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. एकोणिसाव्या वर्षी तो कॉलेजच्या पहिल्याच परीक्षेत नापास झाला, आणि निकालाचा कागद खिशात चौघडी करून घरी आला तेव्हा त्या खिडकीशी उभ्या राहून दादाच्या शर्टांना इस्त्री करत होत्या. त्याने त्यांना सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "बरं. मग वडिलांना कधी सांगणार?" "तुम्हीच सांगा ना, वहिनी." "मी कशी सांगू? नापास तुम्ही झालात." पुन्हा इस्त्री उचलून त्या कॉलरकडे वळल्या. चार महिने ती गोष्ट त्यांनी पोटात ठेवली. जेवताना वडील अभ्यासाचं विचारत तेव्हा त्या भांडी आवरायला उठत, पण एका शब्दाने खोटं बोलल्या नाहीत आणि एका शब्दाने खरंही. चार महिन्यांनी त्याने स्वतःच सांगितलं, तेव्हाच त्या प्रकरणावर त्या पहिल्यांदा बोलल्या. वडिलांना म्हणाल्या, "सांगितलं ना त्यांनी आता, मग जेवू द्या." तेव्हापासून जे काही असेल ते आधी वहिनींना, असा नियम आपोआप पडून गेला. नोकरीचं पत्र, बायकोशी लग्न करायचं ठरवलं ते, मानेवरची गाठ निघाली ती. त्यांना सांगून झालं की ती गोष्ट खरी होई. त्याआधी ती नुसतीच घडलेली असे.

पळण्याच्या व्यवहारात त्याच्याकडे अंतर होतं. बागेतली पायवाट त्याने खात्याच्या पोलादी टेपने मोजली, एक फेरी सहाशे बारा मीटर, आणि दर फेरीला तो आकडा मोठ्याने सांगे. वहिनी घड्याळ वापरत नसत. पुढच्याकडे बघत, तोंड किंचित उघडं ठेवून, त्या पावलं टाकत आणि अधूनमधून एवढंच विचारत, "किती राहिलं?" तो सांगेल ते त्या श्वासाबरोबर आत घेत. "भावजींनी मोजलंय म्हणजे मोजलंय." दोन वर्षांत हा प्रश्न त्यांनी त्याला किती हजार वेळा विचारला असेल. दंडाधिकाऱ्यासमोर साक्ष देताना त्याच्या आकड्यावर वकिलांनी शंका घेतल्या होत्या, दुकानदारांनी शिव्या दिल्या होत्या, एका मासेवालीने तर तराजू उगारला होता. इतक्या सहज, इतक्या घामाने, त्याच्या मापावर कोणीच विसंबलं नव्हतं.

आणि मग तो एकतिसावा किलोमीटर. ते ठिकाण त्याला आता डोळे मिटूनही दिसे. उड्डाणपुलाखाली रस्त्याला एक फाटा फुटायचा, तो पाण्याच्या मोठ्या टाकीला वळसा घालून परत तिथेच, समोरच्याच तोंडाने, मुख्य रस्त्याला मिळायचा. उशिरा येणाऱ्यांच्या नशिबी नेहमी आवरसावर असते. टेबलं घडी होत होती, रिकाम्या कागदी पेल्यांचे ढीग पोत्यांत भरले जात होते, आणि फाट्याच्या तोंडावरचे नारिंगी शंकू कोणीतरी एकात एक घालून टेम्पोत चढवले होते. तो टेम्पोच फाट्याच्या तोंडाशी उभा होता. त्या वेळी वहिनींची उजवी पोटरी गोळा होऊन आली होती, आणि तो त्यांना म्हणत होता, "झालं वहिनी, झालंच," आणि त्या दात आवळून म्हणत होत्या, "माझंच वाक्य मला नका ऐकवू, मला माहितीये ते कधी म्हणतात ते." त्या हसण्यात दोघं टेम्पोच्या बाजूने सरळ निघून गेले. कोणी हाक मारली नाही. पुढे काही मिनिटांनी एक पाटी आली. पाटीवर तेहेतीस लिहिलं होतं. त्याने सवयीने घड्याळ बघितलं. एकतीसच्या पाटीपासून सात मिनिटं झाली होती. दोन किलोमीटर, सात मिनिटं. त्याच्या या गुडघ्यांनी, त्यांच्या त्या पोटरीने, बक्षीस घेणाऱ्यांच्या वेगाने. तेहेतीस वर्षं दुसऱ्यांच्या मापातलं पाप शोधणाऱ्या माणसाला हे गणित मांडायला घड्याळाची सेकंदांची सुई एक घर सरकायला लागते तेवढाच वेळ लागला.

मागे वळता आलं असतं. हे तो स्वतःपासून लपवत नव्हता. पण मागे वळलं तर सहा तासांच्या मुदतीचं दार बंद होणार होतं, आणि दार बंद झालं की पदक नाही, नाव नाही, नुसती बस, जी मागून हळूहळू रांगत येऊन उरलेल्यांना उचलते. वहिनींसाठी गप्प राहावं, असं त्याने तिथे ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, तसं नाव दिलं. त्यात त्याचंही एक पदक होतं, हे त्याला चाळिसाव्या किलोमीटरपर्यंत दिसलं नाही. पाच तास चोपन्न मिनिटांनी दोघं कमानीखालून गेले. वहिनी रडल्या, एका अनोळखी पोलीसबाईच्या खांद्यावर, आणि दादाने कधी नव्हे ते उठून उभं राहून त्यांना पाण्याची बाटली दिली, तीही झाकण उघडून.

"आता आमच्या सुईवाल्या बाई," मास्तर म्हणाले. वहिनी उठल्या, एक हात खुर्चीच्या पाठीवर. "माझी चूक सोपी आहे," त्या म्हणाल्या. "तेहेतिसाव्या पाटीशी मी थांबणार होते. पाय नव्हताच. भावजींना म्हणणार होते, तुम्ही व्हा पुढे, मी बसने येते. तेवढ्यात ह्यांच्याकडे बघितलं. हे घड्याळ बघत उभे. आणि चेहरा असा पांढराफटक केलेला, जसं काही मी थांबले तर ह्यांचंच आयुष्य तिथे संपणार. एक शब्द बोलले नाहीत. म्हटलं, माझ्यासाठी माणूस इतकं लावून घेतो, चल बाई." मागून दादा म्हणाला, "माझा चेहरा तुला कधी असा दिसला नाही." "तुमचा चेहरा टीव्हीकडे असतो," वहिनी वळूनही न बघता म्हणाल्या. हशा पिकला, टाचा आपटल्या. त्याने आपटली नाही. ज्या क्षणी त्याने त्यांना फसवायला सुरुवात केली होती, नेमका तो क्षण त्यांनी मायेचा म्हणून उचलून ठेवला होता, आणि आठवडाभर लॅबमध्ये चाळीस चाळीस जणांना दाखवला असणार.

आता या जागी थांबून एक गोष्ट नोंदवायला हवी, जी त्याने त्या वेळी नोंदवली नाही. वहिनींना बाहेर घेऊन जाता आलं असतं. जिन्यात, खाली रबराच्या वासात, पंक्चर काढायच्या पाण्याच्या घमेल्याशेजारी उभं राहून दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मंगळवारीही आलं असतं, बुधवारीही. पण बाहेर बोलावलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या? 'नका सांगू' म्हणाल्या असत्या तर त्याला गप्प बसावं लागलं असतं. 'चला, दोघं सांगू' म्हणाल्या असत्या तर प्रामाणिकपणाचे दोन वाटे झाले असते. आणि त्याला तो अख्खा हवा होता. हे इतकं उघड त्याने मनात मांडलं नाही. नुसतं उठून उभं राहताना त्याला छातीत एक विचित्र हलकेपणा वाटला, नव्या वजनावर ठसा मारताना वाटतो तसा.

"माझी चूक एकतिसाव्या किलोमीटरला झाली," तो म्हणाला. "टाकीचा वळसा राहिला. शंकू उचललेले होते, आम्ही सरळ गेलो. तेहेतीसच्या पाटीशी माझ्या लक्षात आलं. मी परत फिरलो नाही आणि बोललोही नाही." कोणीतरी टाच अर्धी उचलून तशीच धरली. मास्तरांनी विचारलं, "किती?" "अकराशे ऐंशी मीटर. मोजायच्या चाकाने मोजलं. मंगळवारी जाऊन." "म्हणजे वेळ..." "दहा मिनिटं धरा. सहा तास चार मिनिटं झाली असती. दार बंद झालं असतं."

खोलीत खालच्या दुकानातला हवा भरायचा पंप ऐकू येऊ लागला. कोणाला टाच आपटावी की नाही ते कळेना, म्हणून सगळे त्याच्याकडे न बघता वहिनींकडे बघू लागले. हे त्याने मोजलेलं नव्हतं. वहिनी बसलेल्याच होत्या. हातातली बशी त्यांनी खिडकीत ठेवली.

"मंगळवारी?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मंगळवारी संध्याकाळी तुम्ही आमच्याकडे आला होतात. चहा घेतलात. साखर कमी झाली म्हणालात."

"हो, वहिनी."

"बुधवारी मी तुमच्याकडे आले. शुक्रवारी बागेत भेटलो. आज येताना एका रिक्षात बसून आलो."

त्यांनी बोटांवर मोजलं नव्हतं, तरी चार हा आकडा खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता.

"म्हणजे मीही वेळेत पोचले नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्हीही नाही."

"अगं पण तुला कुठे माहीत होतं," मागून दादा म्हणाला. त्याचा आवाज बदललेला होता, आणि हातातलं बिस्कीट तो विसरला होता. "तिला माहीत नव्हतं हो, मास्तर. तिचं राहू द्या." मास्तरांनी शिट्टी मुठीत धरली आणि सोडली. "नियम तर..." ते म्हणाले, आणि त्याच्याकडे वळले. "आणि ह्यांची चूक, ती जमा करू ना?"

"कुठली जमा करताय?" वहिनींनी विचारलं. "वाट काय, कोणीही चुकतं." त्या उठल्या, लंगडत फळ्यापर्यंत गेल्या, पदराचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि आपलं नाव पुसलं. नीट, चारी बाजूंनी, सुई टोचायच्या आधी कातडी पुसतात तसं. त्याचं नाव खालीच होतं, त्याला हात लावला नाही. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. त्याने जाऊन आपलं पुसलं. त्याला ओलं काही सापडलं नाही, म्हणून तळहाताने पुसलं, आणि नावाच्या जागी पांढरा पट्टा राहिला.

घरी गेल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं. "मला तरी विचारायचं होतंत," ती म्हणाली. "तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, आधी वहिनींना विचारा." "मग?" ती म्हणाली, आणि त्या एका शब्दावर दिवा बंद केला. तो रात्रभर गाढ झोपला. सकाळी बायको म्हणाली, घोरत होतात, आणि ते तिने कौतुकाने सांगितलं नाही.

पुढचे पंधरा दिवस वहिनी बोलत होत्या, पण जसं लॅबमध्ये बोलतात तसं. बसा, हात सैल सोडा, झालं. आयोजकांना त्याने पत्र लिहिलं, उत्तर आलं, यादीतून दोन नावं निघाली. पदकं परत मागितलेली नव्हती, पण वहिनींनी आपलं रिपोर्टच्या पाकिटात घालून, वर मास्तरांचं नाव लिहून, पोचतं केलं. बागेत त्या येत नव्हत्या. तो एकटा सहाशे बारा मीटरच्या फेऱ्या मारी आणि आकडा मोठ्याने म्हणावा की नाही ते त्याला कळत नसे. एकदा म्हटला, तेव्हा बाकावरच्या एका गृहस्थाने 'काय म्हणालात?' म्हणून विचारलं. ऑफिसात त्याने अजून कोणाला काही सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं, तिथे मास्तर नव्हते आणि टाचा नव्हत्या.

मग एके दिवशी दुपारी तराजू दुरुस्त करणारा कारागीर ठसे मारून घ्यायला ऑफिसात आला. जुनी ओळख. पेटी उघडता उघडता म्हणाला, "साहेब, वाईट झालं हो ते धावण्याचं. तुमच्या वहिनींनी तुमची वाट चुकवली म्हणे." साहेबांनी हातातलं वजन टेबलावर ठेवलं. "कोण म्हणालं?" "त्याच म्हणाल्या. सकाळी रक्त द्यायला गेलो होतो. मी विचारलं, पदक दिसत नाही कुठे, तर म्हणाल्या, अहो, माझंच चुकलं, मीच घाईघाईने सरळ गेले, बिचारे भावजी मागून आले. ते सांगत होते वळायचंय म्हणून, मी ऐकलं नाही." कारागीर हसला. "माझ्या बायकोलाही तेच सांगितलं त्यांनी गेल्या आठवड्यात. बायकांना रस्ते कळत नाहीत हेच खरं." शिपाई दारात उभा राहून ऐकत होता. साहेबांचं वाक्य अगदी ओठांपर्यंत आलं. ते खरं वाक्य होतं, तयार होतं, आणि त्याची चव त्याला आता माहीत होती. त्याने ते गिळलं. वजनावर ठसा मारला, वेडावाकडा पडला, पुन्हा मारला. मग रजेचा अर्ज न देताच, तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा, दुपारी उठून चालू लागला.

लॅबची वेळ संपत आली होती. निळ्या खुर्च्यांवर दोनच माणसं उरलेली. वहिनी काउंटरमागे नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. "उपाशी आलात का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"वहिनी, तुम्ही लोकांना असं का सांगता?"

"मग काय सांगू? रोज चाळीस जण विचारतात. पदक दाखवलं होतं ना सगळ्यांना, आता झाकायचं तर काहीतरी झाकण लागतंच." एक चिठ्ठी वाकडी लागली, ती त्यांनी काढून सरळ लावली. "तुम्हाला पंधरा दिवस राहिलेत. जन्मभर लोकांची मापं तपासणारा माणूस स्वतः कमी मापाने धावला, हे चाळीस जणांनी घरी जाऊन सांगायचं? तुमच्या निरोपाच्या दिवशी शिपाईसुद्धा हसेल. माझं काय जातंय. मी वाट चुकले म्हणून कोणाच्या हातातून रक्त कमी निघत नाही."

"मी सांगतो सगळ्यांना खरं काय ते. उद्याच सांगतो."

वहिनींनी पहिल्यांदा वर बघितलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच ते बघणं लॅबमधलं नव्हतं. ते खिडकीशी इस्त्री उभी करून ठेवण्याच्या काळातलं होतं.

"विचारताय, की सांगताय?"

मागे खुर्चीवरचा माणूस खाकरला.

"विचारतोय," तो म्हणाला.

"मग नको."

एवढंच. त्याने काउंटरच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. त्याला वाटलं, त्या आणखी काही म्हणतील, निदान रागावतील, म्हणजे काहीतरी फिटेल. त्यांनी चिठ्ठ्यांची गुंडाळी खणात टाकली आणि म्हणाल्या, "उद्या साडेपाचला बागेत येते. पोटरी बरी आहे. पण यापुढे फेऱ्या मी मोजणार. तुम्ही नुसतं पळायचं. किती राहिलं ते विचारलंत तर सांगीन." मग पुढच्याला हाक मारली. तो माणूस येऊन बसला, बाही वर केली, आणि दंडाला पट्टा आवळला जात असताना, सुईकडे बघायला नको म्हणून, भिंतीकडे तोंड करून त्याने विचारलं, "काय बाई, ते मॅरेथॉनचं पदक कुठे लावलंत?"

"कुठलं पदक," वहिनी शीर चाचपत म्हणाल्या. "माझ्या घाईने गेलं ते. हे माझे दीर, ह्यांचंही माझ्यामुळेच गेलं." त्या माणसाने मान वळवून त्याच्याकडे सहानुभूतीने बघितलं. त्याने ती सहानुभूती घेतली. नको म्हणायची सोय नव्हती.

अंतर दोघांचंही सारखंच कमी पडलं होतं. भरून देत होत्या वहिनी एकट्या, रोज चाळीस दंडांवर, हसत हसत. त्याच्या वाट्याला फक्त शेजारी उभं राहून गप्प बसणं आलं होतं.